आयबीएम क्वांटमची फुकट १० मिनिटे: क्वांटमची हद्द मोजण्यासाठी कितपत कामाची?

आयबीएम क्वांटम ही इंटरनेटवरून क्वांटम संगणक वापरू देणारी सेवा. तिच्या ‘ओपन प्लॅन’मध्ये खऱ्या अतिसंवाहक (विरोधाशिवाय वीज वाहणाऱ्या धातूच्या) प्रोसेसरवर १० मिनिटे फुकट मिळतात. ही मर्यादा सलग २८ दिवसांत मिळून असते. संगणक म्हणून बघितले तर हा वेळ फारच तोकडा आहे. त्यात बसणारे कोणतेही उपयोगी गणित लॅपटॉपवर आधी सुटते. पण एका कामासाठी या सेवेला स्वस्त पर्याय जवळपास नाही. क्वांटम अवस्था अभिजात, म्हणजे रोजच्या वस्तूंसारखी, कधी होते, कशी होते आणि कशामुळे होते, हे तिच्यावर आपल्या हाताने आकड्यांत मोजता येते. हे परीक्षण तेवढ्या एका कामापुरते आहे. एम.एस्सी. भौतिकीचे विद्यार्थी, महाविद्यालयात प्रयोगशाळा सांभाळणारे शिक्षक आणि पायथन बऱ्यापैकी येणारे अभियंते यांना ते उपयोगी पडावे.

निकाल आधीच सांगून ठेवतो: सेवा जरूर घ्यावी. फक्त तिच्या पानावर दिसणारे क्युबिटचे (क्वांटम बिटचे) आकडे आणि तिच्यातल्या स्वयंचलित सुधारणा, या दोन्हींवर डोळे झाकून विसंबू नये.

भाड्याने नेमके काय मिळते

प्रत्येक क्युबिट म्हणजे सिलिकॉनच्या चिपवरचे एक ट्रान्समॉन सर्किट. अतिसंवाहक धातूचे दोन पट्टे असतात आणि त्यांना जोडणारे एक जोसेफसन जंक्शन, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या दोन थरांमध्ये एक-दोन नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा. या जंक्शनमधून विद्युतप्रवाह कसा वाहील याचे भाकीत ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ मध्ये केले. अब्जावधी इलेक्ट्रॉन असलेले असे अख्खे सर्किट एकच क्वांटम वस्तू म्हणून वागू शकते, हे १९८४-८५ मध्ये बर्कलीला जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांनी दाखवले. जंक्शन थंड करत नेले तशी शून्य व्होल्टेजच्या अवस्थेतून निसटण्याची त्याची गती आधी घटत गेली आणि मग एका पातळीवर थांबली. उष्णता हे कारण असते तर ती घटतच राहिली असती. जंक्शन टनेलिंगने, म्हणजे ऊर्जेचा अडथळा न चढता आरपार जाऊन, निसटत होते. मायक्रोवेव्ह लहरी सोडल्यावर ऊर्जेच्या सुट्या पायऱ्याही दिसल्या. २०२५ चे भौतिकीचे नोबेल या कामाला मिळाले. पुढे १९९९ मध्ये जपानमधल्या एनईसीच्या प्रयोगशाळेत नाकामुरा, पाश्किन आणि त्साई यांनी अशा सर्किटमध्ये सुपरपोझिशन (एकाच वेळी दोन अवस्थांत असणे) घडवून दाखवले, तेव्हा ते जेमतेम दोन नॅनोसेकंद टिकले होते. येल विद्यापीठातून २००७ मध्ये आलेल्या ट्रान्समॉनच्या रचनेने विद्युतभाराच्या गोंगाटाचा त्रास मोडून काढला आणि आज हाच काळ शेकडो मायक्रोसेकंदांत मोजतात.

आयबीएमने मे २०१६ मध्ये पाच क्युबिटचा प्रोसेसर इंटरनेटवरून खुला केला. सध्याची कामाची मालिका म्हणजे हेरॉन: पहिली आवृत्ती १३३ क्युबिटची, दुसरी १५६ क्युबिटची. यंत्रांना शहरांची नावे आहेत, जसे तोरिनो, फेझ, माराकेश. क्युबिट षटकोनी जाळीत बसवलेले असतात आणि कोणत्याही क्युबिटला तीनपेक्षा जास्त शेजारी नसतात. शेजाऱ्यांमधली जोडणी हेरॉनमध्ये चालू-बंद करता येते. आधीच्या ईगल मालिकेत ती कायमची होती आणि त्यामुळे शेजारचा क्युबिट कोणत्या अवस्थेत आहे त्यानुसार आपल्या क्युबिटची वारंवारता हलायची. हद्द मोजायच्या कामात हा फरक मोठा आहे.

क्युबिटची वारंवारता साधारण ५ गिगाहर्ट्झ असते. एवढ्या ऊर्जेचे तापमानात रूपांतर केले तर २४० मिलिकेल्व्हिन येते. फ्रीज असतो १५ मिलिकेल्व्हिनच्या आसपास. कागदावर क्युबिट आपोआप वरच्या पायरीवर जाण्याची शक्यता एक कोटीत एक इतकी निघते. प्रत्यक्षात ती टक्क्याच्या आसपास सापडते, म्हणजे क्युबिटला जाणवणारे तापमान ५० मिलिकेल्व्हिनच्या जवळ असते. वरच्या गरम भागांतून तारांवाटे उतरणारे प्रारण आणि तुटलेल्या कूपर जोड्या (अतिसंवाहकात जोडीने वाहणारे इलेक्ट्रॉन) ही त्याची मुख्य कारणे.

तयारी

पायथनच्या स्वतंत्र एन्व्हायर्नमेंटमध्ये किसकिट (क्वांटम सर्किट लिहिण्याची आयबीएमची प्रणाली), किसकिट आयबीएम रनटाइम आणि किसकिट एअर (लॅपटॉपवर चालणारा सिम्युलेटर) ही तीन पॅकेजेस टाका. आयबीएम क्लाउडच्या खात्यातून एपीआय की तयार करा आणि ती लगेच सुरक्षित ठिकाणी उतरवून ठेवा, कारण ती पुन्हा दाखवली जात नाही. खाते जतन करताना चॅनेलचे नाव ‘आयबीएम क्वांटम प्लॅटफॉर्म’ असे द्यावे लागते.

सगळ्यात जास्त वेळ जुने कोड वाचवण्यात वाया जातो. फेब्रुवारी २०२४ मध्ये किसकिटची १.० आवृत्ती आली. तिच्यातून ‘एक्झिक्यूट’ हे फंक्शन गेले आणि एअर सिम्युलेटर वेगळ्या पॅकेजमध्ये गेला. ‘बॅकएंड डॉट रन’ने खऱ्या यंत्रावर काम पाठवण्याची पद्धतही बंद झाली, आता सॅम्पलर (मापनांचे निकाल जसेच्या तसे देणारा) किंवा एस्टिमेटर (त्यांची सरासरी देणारा) यांच्यामार्फतच जावे लागते, आणि सर्किट त्या यंत्राच्या भाषेत आधी ट्रान्सपाइल केलेले असावे लागते. २०२४ च्या आधीचे व्हिडिओ बघून टाइप केलेला कोड म्हणूनच पहिल्या ओळीपासून अडखळतो. तो दुरुस्त करत बसू नका, नव्याने लिहा.

खालच्या सगळ्या प्रयोगांना सॅम्पलर वापरा. एस्टिमेटर उत्तर स्वच्छ करून देतो आणि इथे तर मळच मोजायचा आहे. डायनॅमिकल डिकपलिंग आणि ट्वर्लिंग (गेटांत यादृच्छिक बदल करून चुका सरासरीत पसरवणे) हे दोन्ही पर्याय बंद असल्याची खात्री करा. डिकपलिंग चालू राहिले तर आपण मुद्दाम ठेवलेल्या रिकाम्या वेळातही यंत्र स्वतःहून पल्स (मायक्रोवेव्हचे झटके) घालते, आणि मोजायचे होते त्याहून वेगळेच काहीतरी मोजले जाते. ट्रान्सपाइलरची ऑप्टिमायझेशन पातळी शून्य किंवा एक ठेवा आणि प्रत्येक टप्प्यानंतर बॅरियर (गेट एकत्र करू नये अशी खूण) टाका. नाहीतर सलग आलेली दोन फिरकीची गेट (क्युबिटची अवस्था बदलणाऱ्या क्रिया) एकत्र होतात आणि मापनाच्या अगदी आधीची फेजची गेट उडवली जातात.

वेळेचा हिशोब समजून घेतला की १० मिनिटे बरीच वाटू लागतात. रांगेत थांबलेला वेळ यात धरत नाहीत. एका शॉटचा (सर्किट एकदा चालवून मोजण्याचा) खर्च म्हणजे सर्किटची लांबी अधिक दोन शॉटमधली विश्रांती, आणि ही विश्रांती मुळात २५० मायक्रोसेकंद ठेवलेली असते. एक गेट काही दहा नॅनोसेकंदांत होते आणि मापनाला एक-दोन मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे छोट्या सर्किटचा जवळजवळ सगळा खर्च विश्रांतीचाच. प्रत्येक जॉबमागे तयारीचे थोडे सेकंद वेगळे जातात, म्हणून वीस सर्किट असतील तर वीस जॉब न करता एकाच जॉबमध्ये यादी करून पाठवा. जॉबला कमाल वेळेची मर्यादा घालून ठेवा, ३० सेकंद वगैरे. चुकून शॉट दहापट टाकले गेले तरी महिन्याचा कोटा संपत नाही.

पहिले मापन: ऊर्जा किती वेळ टिकते

एक्स गेटने क्युबिट वरच्या पायरीवर न्या, थांबा, मोजा. थांबण्याचे दहा टप्पे घ्या: ०, २५, ५०, १००, १५०, २००, ३००, ४००, ६०० आणि ८०० मायक्रोसेकंद. प्रत्येकी १००० शॉट घेतले तर विश्रांतीसकट सुमारे ५ सेकंद लागतात. यंत्रावरचे सगळे क्युबिट एकाच वेळी मोजता येतात, त्यामुळे त्याच ५ सेकंदांत अख्ख्या चिपचा टी-१ (ऊर्जा टिकण्याचा काळ) हाती येतो. हेरॉनवर तो बहुधा १०० ते ३०० मायक्रोसेकंदांत सापडतो, आणि एकाच चिपवर क्युबिटाक्युबिटांत दुप्पट-तिप्पट फरक असतो.

आलेख बसवताना सुरुवात १ आणि शेवट ० धरू नका. मापनातल्या चुकीमुळे सुरुवात ०.९८ च्या आसपास आणि शेवट शून्याच्या थोडा वर असतो. दोन्ही टोके मोकळी सोडून घातांकी वक्र बसवा. शिवाय क्युबिट शॉटआधी शून्यावर आणण्याचा पर्याय चालू हवा. तो बंद केला आणि टी-१ २५० मायक्रोसेकंद असला, तर तेवढ्याच विश्रांतीनंतर मागच्या शॉटची ३७ टक्के उत्तेजना शिल्लक असते आणि पुढचा शॉट तिच्यावरच उभा राहतो.

सेवेच्या पानावरचा टी-१ काही तासांपूर्वीच्या कॅलिब्रेशनचा असतो. ऑक्साइडमध्ये आणि धातूच्या पृष्ठभागावर सूक्ष्म दोष असतात, ते स्वतःच दोन पातळ्यांच्या प्रणालीसारखे वागतात आणि त्यांची वारंवारता सरकत राहते. असा एखादा दोष क्युबिटच्या वारंवारतेवर येऊन बसला की टी-१ अर्ध्यावर येतो, आणि काही तासांनी परत चढतो. म्हणून महत्त्वाच्या प्रयोगाचा क्युबिट पानावर बघून निवडू नका. हे ५ सेकंद खर्च करून त्याच दिवशी निवडा.

दुसरे मापन: फेज किती वेळ टिकते

क्वांटम आणि अभिजात यांच्यातला खरा फरक ऊर्जेपेक्षा फेजमध्ये आहे. फेज म्हणजे सुपरपोझिशनमधल्या दोन अवस्थांचा एकमेकींशी असलेला लाटांसारखा मेळ. ती गेली की उरते ते नाणेफेकीच्या संभाव्यतेसारखे साधे मिश्रण. ती मोजायची पद्धत रॅमसे या भौतिकशास्त्रज्ञाची: हॅडमार्ड (सुपरपोझिशन घडवणारी गेट), थांबा, हॅडमार्ड, मापन. इथे एक गोष्ट जरूर करा. थांबण्याच्या काळाच्या प्रमाणात आरझेड गेटने फेज मुद्दाम फिरवा, समजा ५० किलोहर्ट्झच्या वेगाने. आरझेडला वेळ लागत नाही, ती फक्त पुढच्या पल्सची फेज बदलते. यामुळे आलेख लाटांसारखा येतो आणि क्षय कुठला व वारंवारतेची चूक कुठली, हे वेगळे काढता येते. नुसता उतरता वक्र घेतला तर वारंवारता एक-दोन किलोहर्ट्झने चुकलेली असली तरी ती क्षयासारखीच दिसते. शून्य ते १०० मायक्रोसेकंद, अडीच-अडीचच्या पायऱ्या, म्हणजे ४१ बिंदूंत पाच लाटा, एवढे पुरते.

हे मापन शेजारशेजारच्या क्युबिटांवर एकाच वेळी करू नका, एकाआड एक घ्या. शेजारीही सुपरपोझिशनमध्ये असेल तर त्याच्यामुळे आपली वारंवारता दुभंगते आणि लाटांत फुगवटे येतात. एकटा मोजूनही फुगवटे आले तर बहुधा चिपवरची एखादी कूपर जोडी तुटून सुटा इलेक्ट्रॉन जंक्शन ओलांडतो आहे आणि क्युबिट दोन जवळच्या वारंवारतांमध्ये उड्या मारतो आहे. असा क्युबिट सोडून द्या.

यानंतर तेच सर्किट मधोमध एक एक्स गेट घालून चालवा. या एकोमुळे सावकाश बदलणारा गोंगाट पहिल्या अर्ध्यात जी फेज देतो ती दुसऱ्या अर्ध्यात वजा होते. एकोचा टी-२ (फेज टिकण्याचा काळ) रॅमसेपेक्षा लांब येतो आणि कोणत्याही परिस्थितीत टी-१ च्या दुपटीपलीकडे जात नाही. गेला तर वक्र चुकीचा बसला आहे.

तिसरे मापन: हद्द

आता मुख्य काम. भौतिकशास्त्रज्ञ अँथनी लेगेट आणि अनुपम गर्ग यांनी १९८५ मध्ये एक असमानता मांडली. वस्तू प्रत्येक क्षणी कुठल्यातरी एका निश्चित अवस्थेत असेल आणि तिला न बिघडवता मोजता येत असेल, तर तीन क्षणांच्या मापनांमधले संबंध एका मर्यादेत राहिले पाहिजेत. प्रत्येक मापनाचे उत्तर अधिक एक किंवा वजा एक धरा. पहिल्या-दुसऱ्या क्षणाच्या उत्तरांच्या गुणाकाराची सरासरी, अधिक दुसऱ्या-तिसऱ्याची, वजा पहिल्या-तिसऱ्याची. या बेरजेला के म्हणू. अभिजात वस्तूसाठी के १ च्या वर जात नाही. क्वांटम क्युबिटसाठी दोन क्षणांमध्ये ६० अंशांची फिरकी ठेवली तर तो १.५ पर्यंत जातो.

सोपी आवृत्ती तीन सर्किटांत होते. शून्यापासून सुरुवात हेच पहिले मापन धरा. पहिल्या सर्किटात ६० अंशांची आरवाय (फिरकीची) गेट आणि मापन. दुसऱ्यात तशा दोन गेट, मध्ये बॅरियर, मग मापन. तिसऱ्यात गेट, मापन, गेट, मापन. मापनात २ टक्के चूक धरली तर १.५ ऐवजी १.४२ च्या आसपास यायला हवे. प्रत्येकी ४००० शॉटना सांख्यिकी अनिश्चितता ०.०२४ येते आणि यंत्राचा वेळ सुमारे ३ सेकंद लागतो. तीन सेकंदांत एक जुना तात्त्विक वाद आकड्यावर येतो, हे या सेवेचे सगळ्यात मोठे बळ.

पण हद्द दिसते ती वेळ घातल्यावर. आरवायच्या जागी आता रॅमसेसारखी मांडणी घ्या: हॅडमार्ड, टाऊ इतका वेळ थांबा, थीटा अंशांची आरझेड, हॅडमार्ड, मापन. दुसऱ्या सर्किटात थांबणे आणि आरझेड ही जोडी दोनदा येते. तिसऱ्यात मधल्या मापनाच्या दोन्ही बाजूंना हॅडमार्ड लागते. टाऊ इतक्या काळात फेजचा जेवढा अंश शिल्लक राहतो त्याला व्ही म्हणा. क्षय घातांकी असेल तर सर्वोत्तम कोन निवडून के ची कमाल किंमत ०.५ अधिक व्ही चा वर्ग एवढी येते, आणि त्या कोनाची कोसाइन १ भागिले दोन व्ही असते. म्हणजे व्ही ०.७०७ च्या खाली गेला की के १ च्या खाली. टाऊ जेव्हा टी-२ च्या ३५ टक्क्यांपर्यंत पोचतो तेव्हा हे घडते. टी-२ १०० मायक्रोसेकंद असेल तर सुमारे ३५ मायक्रोसेकंदांवर, आणि तिथे योग्य कोन ४५ अंश असतो, ६० नाही. साठलाच अडून बसलात तर हद्द थोडी आधी, ३१ मायक्रोसेकंदांवरच आल्यासारखी दिसते.

सगळ्यात फसवी चूक कोनाची असते. क्युबिटची वारंवारता २ किलोहर्ट्झने चुकलेली असेल तर ३० मायक्रोसेकंदांत सुमारे २२ अंश जास्तीचे फिरतात. के झपाट्याने घसरतो आणि ‘क्युबिट अभिजात झाला’ असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात क्युबिट पूर्ण क्वांटम असतो, फक्त आपण चुकीच्या दिशेने बघत असतो. म्हणून त्याच जॉबमध्ये आधी रॅमसे मोजा, वारंवारतेची चूक काढा आणि आरझेडच्या कोनातून ती वजा करा. ही दुरुस्ती न करता काढलेला के चा आलेख बघण्यातही अर्थ नाही.

यापुढची पायरी करण्यासारखी आहे, कारण हद्द म्हणजे काय हे तिच्यात सगळ्यात स्पष्ट दिसते. समजा एका क्युबिटचा रॅमसेचा काळ ६० मायक्रोसेकंद आणि एकोचा १५० आहे. टाऊ ३५ ठेवला तर एकोशिवाय व्ही ०.५६ आणि के फार तर ०.८१, अभिजात. त्याच क्युबिटवर, तेवढाच वेळ थांबून, प्रत्येक थांब्यात दोन एक्स गेट घातल्या तर व्ही ०.७९ आणि के १.१३ होतो. मापनातली २ टक्के चूक धरूनही १.०६ उरतो. सुपरपोझिशन नष्ट झालेच नव्हते. त्याची फेज सावकाश बदलणाऱ्या गोंगाटाखाली दबली होती आणि दोन पल्सनी परत काढता आली. एकोनंतरही जे परत येत नाही ते खरे गेले. एक्स दोनच घाला, टाऊच्या पाव आणि पाऊण भागावर. एकच घातली तर दुसऱ्या थांब्यात थीटाची दिशा उलटते, पहिला आणि दुसरा कोन एकमेकांना खोडतात आणि के कोसळतो. इथे फरक बारीक आहे, म्हणून प्रत्येक सर्किटाला १६,००० शॉट द्या, अनिश्चितता ०.०१३ पर्यंत उतरते आणि वेळ १५ सेकंद जातो.

हीच तुलना आधी लॅपटॉपवर एअर सिम्युलेटरमध्ये यंत्राचे नॉइज मॉडेल लावून करून बघा. तिथे एकोचा काहीच फायदा दिसत नाही. ते मॉडेल टी-१ आणि टी-२ वरून बांधलेले असते आणि त्यातला गोंगाट स्मरणहीन धरलेला असतो. एकोने उलटवता येण्यासारखे त्यात काही नसतेच. खऱ्या चिपचा गोंगाट कमी वारंवारतेला जास्त असतो. सिम्युलेटर कोड तपासायला वापरा, निष्कर्ष काढायला नको. याच कारणाने खऱ्या यंत्रावर रॅमसेचा क्षय नेमका घातांकी नसतो, म्हणून व्ही सूत्रातून न काढता टाऊ आणि दोन टाऊ या दोन्ही ठिकाणी वेगवेगळा मोजा.

संशयवादी माणूस म्हणेल की मधल्या मापनानेच क्युबिट बिघडला. आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर प्रयोगानेच द्यावे लागते. क्युबिट मापनाच्या दिशेतल्या निश्चित अवस्थेत ठेवा, मधले मापन एकदा करा, एकदा त्याच्याऐवजी तेवढाच वेळ थांबा, आणि शेवटचे उत्तर किती बदलते ते बघा. दोन्ही निश्चित अवस्थांसाठी हे करा. जेवढा बदल दिसेल तेवढी सूट अभिजात मर्यादेला द्या आणि मग के तिच्या वर आहे का ते सांगा. आयबीएमच्या पाच क्युबिटच्या यंत्रावर एमिली हफमन आणि आरी मिझेल यांनी या पळवाटेचा विचार करून हा प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध केला होता. एवढे करूनही दावा जपून करावा: ट्रान्समॉनच्या दोन अवस्थांमध्ये एका मायक्रोवेव्ह फोटॉनइतकाच ऊर्जेचा फरक असतो, म्हणून त्यांना ‘ठळकपणे वेगळ्या’ म्हणणे ताणलेले ठरते. २०१६ मध्ये जपानमधल्या एनटीटीच्या प्रयोगशाळेत, स्वतः लेगेट सहभागी असलेल्या गटाने फ्लक्स क्युबिट वापरला तो म्हणूनच. त्याच्या दोन अवस्थांत प्रवाह उलटसुलट दिशांनी वाहतो.

मापनाचा कच्चा माल

सॅम्पलरच्या पर्यायांत मापनाचा प्रकार ‘कर्नल्ड’ असा निवडता येतो. याची जाहिरात कोणी करत नाही, पण मिळते ते फार मोलाचे. शून्य-एकच्या ऐवजी प्रत्येक शॉटचा एक बिंदू मिळतो, वाचक रेझोनेटरमधून (क्युबिटची अवस्था वाचणाऱ्या सर्किटमधून) परत आलेल्या मायक्रोवेव्हची तीव्रता आणि फेज दाखवणारा. शून्य आणि एक तयार करून प्रत्येकी २००० शॉट घ्या आणि बिंदू कागदावर टाका: दोन ढग दिसतात, आणि एकच्या ढगातून शून्याकडे जाणारी विरळ शेपटी. ती शेपटी म्हणजे मापन चालू असतानाच खाली घसरलेले क्युबिट. बाजूला तिसरा फिकट ढग दिसला तर काही क्युबिट तिसऱ्या पायरीवर निसटले आहेत. शून्य-एकची सीमारेषा कुठे ओढली आहे आणि चूक कुठून येते, हे इतके उघड दुसऱ्या कशातून दिसत नाही.

याच्या पलीकडे मात्र दार बंद आहे. फेब्रुवारी २०२५ पासून पल्सच्या पातळीवरचे नियंत्रण या यंत्रांवरून काढून टाकले आहे. त्यामुळे मापन हळूहळू, अर्धवट करत जाऊन क्युबिट कसा कोसळतो ते बघता येत नाही, वाचकाची तीव्रता बदलता येत नाही. या विषयाच्या दृष्टीने हे मोठे नुकसान आहे. फुकट योजनेत सेशनही मिळत नाही; जॉब किंवा बॅच एवढेच. आधीचे उत्तर बघून लगेच पुढचे सर्किट ठरवायचे असेल तर मध्ये पुन्हा रांग लागते.

अनेक क्युबिटांचे श्रोडिंगरचे मांजर

जीएचझेड अवस्था, म्हणजे सगळे शून्य आणि सगळे एक यांचे सुपरपोझिशन, एन क्युबिटांची केली तर सुट्या गोंगाटात तिची फेज एनपट वेगाने जाते. ती तपासताना नुसते ‘सगळे शून्य’ आणि ‘सगळे एक’ किती वेळा आले ते मोजून थांबू नका; अभिजात मिश्रणही तेच देते. प्रत्येक क्युबिटला सारखी आरझेड आणि मग हॅडमार्ड देऊन ‘एक’ किती आले त्यांची सम-विषमता मोजा. कोन बदलला की ती एनपट वेगाने हेलकावते. हेलकाव्यांची उंची आणि दोन टोकांची संभाव्यता यांची सरासरी ०.५ च्या वर असेल तरच सगळे क्युबिट खरोखर एकत्र गुंतलेले आहेत. मापनात १ टक्का चूक असेल तर २० क्युबिटांना हेलकाव्यांची उंची एवढ्यानेच दोन तृतीयांशावर येते. अवस्था साखळीच्या एका टोकापासून बांधू नका. मधल्या क्युबिटपासून फांद्या फोडा, म्हणजे निम्म्याहून कमी वेळ लागतो.

पैसे आणि पर्याय

फुकट वेळ संपल्यावर वापराल तेवढे भरा या योजनेत मिनिटाला ९६ डॉलर पडतात. वरचा टी-१ चा प्रयोग ८ डॉलरचा, एकोची तुलना २४ डॉलरची. शिकण्यासाठी हे परवडणारे नाही. पुढच्या २८ दिवसांची वाट बघावी. महाविद्यालयात प्रत्येक विद्यार्थ्याचे खाते वेगळे ठेवले आणि कोड आधी सिम्युलेटरवर तपासून घेतला तर सबंध सत्राचा प्रयोग फुकटात बसतो. अ‍ॅमेझॉन ब्रॅकेटवर इतर कंपन्यांची अतिसंवाहक यंत्रे मिळतात, पण तिथे दर सर्किटमागे ३० सेंट आणि शॉटचे पैसे वेगळे. आठ टाऊंच्या २४ सर्किटांना शॉट मोजण्याआधीच ७ डॉलर २० सेंट होतात. लांब थांबे आणि भरपूर छोटी सर्किटे असलेल्या कामाला ही आकारणी सोयीची नाही.

घराजवळचे काम म्हणजे कुलाब्याची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था). तिथे आर. विजयराघवन यांचा गट अतिसंवाहक क्युबिटांच्या मापनावरच काम करतो. बर्कलीला असताना २०११ मध्ये क्युबिटच्या क्वांटम उड्या प्रत्यक्ष टिपणाऱ्या गटात ते होते. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या सहा क्युबिटच्या प्रोसेसरची संपूर्ण चाचणी झाल्याचे जाहीर झाले. क्युबिटांची रचना आणि घडण टीआयएफआरची, नियंत्रण आणि मापनाची सामग्री डीआरडीओच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेने जुळवलेली, आणि क्लाउडवरून काम पाठवण्याची सोय टीसीएसची. आयबीएमने बंद केलेले पल्सचे दार ज्यांना हवे आहे, त्यांनी पुढच्या शिक्षणासाठी अशा प्रयोगशाळांकडे बघावे. अर्ज करताना स्वतः मोजलेला टी-१, रॅमसे आणि के चा आलेख, जॉबचा क्रमांक आणि त्या दिवसाचे कॅलिब्रेशन सोबत जोडता येईल असे जपून ठेवा.